मांडवा ते गेटवे: वरचा डेक, डावी बाजू

गेली बारा वर्षं मी सोमवारी सकाळी मांडव्याहून लाँचने मुंबईला जाते आणि शुक्रवारी संध्याकाळी परत येते. मधल्या रात्री गिरगावात बहिणीकडे. घर चोंढीला, ऑफिस बॅलार्ड पिअरला, काम दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याचं. तेव्हा या लाँचबद्दल दोन शब्द लिहायचा हक्क माझा आहेच, शिवाय चुका काढायची सवयही आहे.

लोक विचारतात ते प्रश्न आधी उरकते. वेळेवर सुटते का? बहुतेक वेळा. शौचालय आहे का? आहे, पण तासाभराचा प्रवास आहे, निघण्याआधीच जाऊन या. हलते का? डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पाणी तव्यासारखं असतं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर वारा उठला की पोटात कालवतं, तेव्हा मागे बसा आणि आवळासुपारी तोंडात धरा. परवडते का? दोनशे रुपयांच्या आगेमागे, त्यातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बसही येते. वडखळ-पेणच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर धक्के खात जाण्यापेक्षा केव्हाही बरं. झालं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत वरच्या डेकवर कुरव जितक्या जवळून दिसतात, तितक्या जवळून मी ते दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाहीत. लाँचवर सगळे त्यांना सीगलच म्हणतात. मीही म्हणायची. भाचा प्राणिशास्त्र शिकायला लागला आणि त्याने मला ‘मावशी, कुरव म्हण, आपल्या भाषेत नाव आहे त्याला’ असं सुनावलं, तेव्हापासून सुधारले.

तर बसायचं कुठे? थंड हवेच्या बंद केबिनमध्ये अजिबात नको. तिथल्या काचेवर मिठाची पुटं चढलेली असतात, त्यातून कुरव काय आणि कावळा काय. वरच्या उघड्या डेकवर जा, मागच्या कठड्याला चिकटून, आणि डाव्या हाताला बसा. हे डाव्या बाजूचं गणित मला दोन हिवाळ्यांनी सुटलं. सकाळी मांडव्याहून निघाल्यावर तोंड उत्तरेकडे असतं, ऊन उजवीकडून येतं, म्हणजे डावीकडचे पक्षी उजळून निघतात. संध्याकाळी परतताना तोंड दक्षिणेकडे, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडेच. डावीकडचे पक्षी पुन्हा उजेडात. उजव्या बाजूला बसलात तर डोळ्यांवर ऊन आणि समोर नुसत्या काळ्या आकृत्या. सकाळी कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह आणि नंतर ससून डॉक हेही डावीकडेच येतं, ते वरकड.

लाँच जेट्टीपासून सुटून वेग धरते तेव्हा मागे पाणी घुसळून पांढरं होतं. त्या घुसळणीत लहान मासे, कोलंबीची पिल्लं वर येतात. कुरवाला खोल बुडी मारता येत नाही. पाण्याच्या वरच्या वीतभर थरात जे सापडेल ते त्याचं. म्हणून जेट्टीच्या खांबांवर, डोलीच्या जाळ्यांच्या बोयांवर बसलेले कुरव इंजिनाचा आवाज आला की एकेक करून उठतात. पाच मिनिटांत पन्नास, दहा मिनिटांत शंभर-दीडशे. बसलेले असतात तेव्हा एक बघून ठेवा: सगळ्यांच्या चोची एकाच दिशेला, वाऱ्याच्या तोंडाला. देवळासमोर रांगेत उभं केल्यासारखे. पाठीकडून वारा घेतला तर पिसं विस्कटतात, आणि उठायचं झालं तर समोरचा वारा फुकटात उचलून घेतो.

आणि मग तो क्षण, ज्यासाठी वरच्या डेकचे जास्तीचे पैसे द्यायचे. लाँचच्या अंगावर आपटून वारा वर चढतो, त्या चढत्या वाऱ्यावर एखादा कुरव कठड्याच्या उंचीवर येऊन टांगल्यासारखा थांबतो. हात लांब केला तर बोट लागेल इतका. पंख हलत नाहीत. टोकाची दोन-चार पिसं तेवढी थरथरतात, एखादं पीस किंचित वर, एखादं खाली, आणि शेपूट सुकाणूसारखी वळते. लाँच वर-खाली होते, त्याचं अंग वर-खाली होतं, पण डोकं एका जागी खिळ्याने ठोकल्यासारखं. लाल पाय मागे, पोटाच्या पिसांत जवळजवळ दडलेले. गेल्या जानेवारीत असाच एक माझ्यासमोर मिनिटभर होता. त्याच्या लाल चोचीच्या काळ्या टोकावर पाण्याचा एक थेंब जमला, मोठा झाला, त्याने मान झटकली, थेंब उडाला. थोड्या वेळाने पुन्हा थेंब. मला वाटलं, गारठ्याने नाक गळतंय बिचाऱ्याचं. भाच्याला सांगितलं तर तो हसला. कुरव समुद्राचं पाणी पितो. डोळ्यांच्या वर त्याच्या दोन ग्रंथी असतात, त्या रक्तातलं जास्तीचं मीठ वेगळं काढतात आणि ते खारं पाणी नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाशी येऊन गळतं. म्हणजे नाक गळत होतं हे खरंच, कारण तेवढं वेगळं.

आता ओळख. मुंबईच्या बंदरात हिवाळ्यात दिसणारे बहुतेक कुरव दोन जातींचे: तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. पण नावावर जाऊन डोकी शोधत बसाल तर फसाल, कारण नोव्हेंबरात दोघांचीही डोकी पांढरी असतात, कानाशी फक्त बोटाने शाई पुसल्यासारखा एक ठिपका. डोक्याचा रंग हा विणीच्या हंगामाचा पोशाख. तो मार्चपासून चढायला लागतो, आणि चढला की कळतं की ‘काळ्या’ डोक्याच्या कुरवाचं डोकंही तपकिरीच आहे, गडद चॉकलेटी. तपकिरी डोक्याच्याचं त्याहून फिकं, कडेला गडद रेघ असलेलं. नावं ठेवणाऱ्याने आमच्यासारख्या हिशेब तपासणाऱ्यांना विचारलं नसावं.

खरी खूण डोळ्यात. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाची बुबुळं फिकट पिवळी, जवळजवळ पांढरी, त्यामुळे तो सतत कुणावर तरी रागावल्यासारखा बघतो. काळ्या डोक्याच्याचा डोळा काळाभोर, चेहरा गरीब. दुर्बीण नसेल तर पंखांची टोकं बघा. तपकिरी डोक्याच्याची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरे कवडसे, जुन्या घराच्या कौलांत काच बसवलेली असावी तसे. काळ्या डोक्याच्याच्या पंखाची पुढची कड टोकाकडे पांढरी असते, सुरीच्या पात्यासारखी, आणि काळं फक्त मागच्या बाजूला. आकारातही फरक आहे. तपकिरी डोक्याचा पंख पसरून साधारण 105 ते 115 सेंटीमीटर भरतो, दुसरा थोडा लहान आणि अंगाने बराच हलका. दोघे शेजारी उडत असले की थोरला-धाकटा लगेच कळतो. पंखांवर तपकिरी नक्षी आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असेल तर ते पहिल्या वर्षाचं पोर. ही पोरं लाँचच्या मागे सगळ्यात जास्त ओरडतात आणि सगळ्यात कमी पकडतात.

क्वचित एखादा मोठा कुरवही येतो, करड्या पाठीचा, पिवळ्या चोचीवर खाली लाल ठिपका असलेला. तो आला की धाकटे जरा सरकून घेतात.

तपकिरी डोक्याच्या कुरवावर माझा थोडा जास्त जीव आहे, आणि त्याला कारण आहे. याचं शास्त्रीय नाव 1840 साली थॉमस जर्डन या मद्रासच्या फौजेतल्या डॉक्टरने ठेवलं, आणि तेही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पक्ष्यावरून. म्हणजे जगभरच्या पुस्तकांत याची नोंद झाली ती आपल्या समुद्राच्या पत्त्यावर. जन्म मात्र इथला नाही. पामीरपासून तिबेटच्या पठारापर्यंत आणि आपल्या लडाखमध्ये, तीन-साडेचार हजार मीटर उंचीवरच्या तळ्यांच्या बेटांवर आणि दलदलींत तो घरटी करतो. ससून डॉकवर मांदेलीच्या पाटीवर डोळा ठेवून बसलेला हा पक्षी मुळात डोंगरातला आहे, हे मला कळलं तेव्हा मी कोळंबी सोलत होते आणि सोलायची थांबले.

पुढच्याच पावसाळ्यात लाँच बंद असताना रजा टाकून लडाखला गेले. यात्रा कंपनीने त्सो मोरिरीला जेमतेम तीन तास दिले, त्यातला एक जेवणात गेला, त्याची तक्रार वेगळी. तळं साडेचार हजार मीटरवर, श्वास लागत होता, डोकं ठणकत होतं, आणि मागून आवाज आला, तोच, घसा बसलेल्या माणसाने रागावून हाक मारावी तसा. वळले तर पूर्ण तपकिरी डोकं, पांढरा डोळा, पाणथळ गवतावर उभा. समुद्र नाही, लाँच नाही, बोंबलाचा वास नाही. आजूबाजूला पट्टकादंब नावाचे रानहंस, आणि दूर चांगपा मेंढपाळांची मेंढरं. माझ्याबरोबरच्या काकू म्हणाल्या, ‘अगबाई, हा तर आपल्या गेटवेचा!’ ओळख पटवायला त्याच्या पायात कडं वगैरे नव्हतं, पण काकूंनी फोटो काढून ‘गेटवेचा कुरव सासरी’ असं लिहून सगळ्यांना पाठवला. मी त्यांना सांगितलं की हे माहेर आहे, सासर आपलं. त्यांना पटलं नाही.

या पक्ष्याचं तिथलं जगणं सोपं नाही. 2005 च्या मे महिन्यात चीनमधल्या छिंघाई तळ्यावर बर्ड फ्लूची साथ आली आणि हजारो पाणपक्षी मेले. पट्टकादंबांच्या खालोखाल ज्यांची नावं घेतली जातात त्यात हे कुरव होते.

काळ्या डोक्याच्या कुरवाची गोष्ट भाच्याने लाँचवरच सांगितली, गेटवे येईपर्यंत पुरली. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर रेव्हनग्लास नावाच्या ठिकाणी वाळूच्या टेकाडांवर यांची मोठी वसाहत होती. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ निको टिनबर्गन तिथे वर्षानुवर्षं नुसते बघत बसायचे. त्यांच्या लक्षात आलं की पिल्लू बाहेर आलं की आई किंवा बाप रिकामं कवच चोचीत धरून लांब टाकून येतो. काम दोन मिनिटांचं, पण तेवढ्यात घरटं उघडं पडतं. मग हा धोका कशासाठी? अंडं बाहेरून मातकट, ठिपक्यांचं, वाळूत मिसळून जाणारं. फुटल्यावर आतली बाजू पांढरीशुभ्र, लांबून चमकणारी. टिनबर्गननी अंडी मांडली, काहींच्या अगदी जवळ, पाच सेंटीमीटरवर, फुटकी कवचं ठेवली, काहींच्या मीटर-दोन मीटरवर. कवच जितकं जवळ, तितकी जास्त अंडी कावळ्यांनी उचलली. आणखी एक गंमत म्हणजे कवच लगेच टाकत नाहीत. पिल्लू ओलं आहे तोवर शेजारचा कुरवच ते गिळू शकतो, म्हणून अंग वाळून मऊ पिसं फुलेपर्यंत थांबतात, आणि मगच जातात. कावळा आणि शेजारी या दोघांचा हिशेब एकाच वेळी. हे काम 1962 साली छापून आलं, आणि 1973 मध्ये त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. ‘नुसतं बघत बसल्याबद्दल?’ मी विचारलं. भाचा म्हणाला, ‘तूही बारा वर्षं बघतेयस, पण तू वहीत लिहीत नाहीस.’

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार खाऊच्या पाकिटांची. लाँच सुटायच्या आधी पोरं पाकिटं घेऊन वर येतात, ‘पक्ष्यांचा खाऊ, पक्ष्यांचा खाऊ’. आत काय, तर पिवळ्या तळलेल्या नळ्या, ज्या आम्ही लहानपणी बोटांत घालून खायचो, नाहीतर गाठ्या. सगळा डेक हात वर करून उभा राहतो. कुरव येतात, झेलतात, मोबाइल निघतात, लहान मुलं किंचाळतात. बघायला छानच दिसतं, मी खोटं का बोलू? पहिल्या वर्षी मीही एक पाकीट घेतलं होतं, आणि हातातली नळी चोचीने उचलली गेली तेव्हा जे वाटलं ते अजून आठवतं. पण मासा, कोलंबी, खेकडा, किडे खाणाऱ्या पाखराच्या पोटात तेल आणि पीठ जातं. मार्च-एप्रिलमध्ये ज्यांना हिमालयापलीकडे जायचं आहे त्यांच्या शिदोरीत ही भर. रिकामी पाकिटं कुठे जातात ते मागे वळून बघितलंत तर दिसेलच.

एकदा मी ज्या लाँचमध्ये होते तिच्या तिकीट तपासणाऱ्याकडे तक्रार केली. तो म्हणाला, ‘मॅडम, लोकांना पाहिजे असतं.’ मी म्हटलं, ‘लोकांना चालत्या लाँचमधून उडी मारायची असली तर?’ तो गेला. जुना खलाशी आहे एक, थळचा, त्याने मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ताय, आज पाखरां लय हान ती त्या नळ्यांसाठी नाय. त्या तिकडं बघ, जवळा वर आलाय.’ खरंच, पंधरा-वीस हात मागे पाणी बारीक पाऊस पडावा तसं नाचत होतं आणि अर्धे कुरव तिकडे होते. नळ्यांभोवती उरलेली बहुतेक पहिल्या वर्षाची पोरं. तेव्हापासून मी शेजारच्यांना एवढंच सांगते: पाकीट नका घेऊ, मागचं पाणी बघा. दहातले तीन ऐकतात.

दुसरी तक्रार बाकांची. वरच्या डेकचे जास्तीचे पैसे घेतात आणि वरची ताडपत्री फाटलेली, बाक दवाने ओले. रुमालाने पुसून बसावं लागतं. लाइफ जॅकेटं कठड्याला इतक्या गाठी मारून बांधलेली असतात की सुटेपर्यंत ससून डॉक येईल. हे एकाच लाँचचं नाही. बऱ्याच लाँचांवर हाच प्रकार पाहिला.

तिसरी तक्रार कुणावर करावी कळत नाही. मागच्या मार्चमध्ये, वर्षअखेरीच्या घाईत, मी एका संस्थेचा छापील ताळेबंद मांडीवर घेऊन आकडे मिळवत होते. बरोबर ‘संचित तोटा’ या ओळीवर वरून पांढरा ठिपका पडला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘शिक्का बसला की.’ ऑफिसात प्रत पुन्हा छापायला लावली, कारण सांगताना साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

रो-रो बोटीचं बरेच जण विचारतात. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून सुरू आहे, गाडीसकट जाता येतं, आरामशीर आहे, म्हाताऱ्या माणसांना चढउतार सोपा. पण ती उंच. कुरव बऱ्याचदा आपल्या खाली उडताना दिसतात, पाठी दिसतात, डोळे नाही. ज्यांना पाठीचा करडा रंग आणि पंखांचे कवडसे नीट बघायचे आहेत त्यांनी एकदा तिने जावं. भाऊच्या धक्क्यावर पहाटे पोहोचलात तर मासळी उतरताना घारी, कावळे आणि कुरव यांची जी मारामारी चालते ती तिकिटाशिवाय बघायला मिळते; फक्त पाटी घेऊन येणाऱ्या मावशींच्या वाटेत उभे राहू नका. त्या थांबत नाहीत, आणि बोलतात ते लिहिण्यासारखं नसतं.

कधी यावं? सप्टेंबरात लाँच पुन्हा सुरू होते तेव्हा डेक रिकामा असतो, मागचं पाणीही रिकामं. पहिले कुरव त्यानंतर दिसायला लागतात, दमलेले, थोडेसे. डिसेंबर-जानेवारीत गर्दी, पक्ष्यांची आणि पाकिटांचीही. शनिवार-रविवार टाळा, सोमवारची पहिली लाँच उत्तम, कारण तिच्यावर आमच्यासारखे नोकरदार असतात आणि ते झोपलेले असतात. पण मला विचाराल तर मार्चची अखेर. तेव्हा एकाच थव्यात निम्मी डोकी चढलेली, निम्मी पांढरी, काहींची मधेच अर्धवट, घाईत रंगवायला घेतलेल्या भिंतीसारखी. एप्रिलच्या शेवटी तर असे पूर्ण नटलेले दिसतात की दर शुक्रवारी वाटतं, आज शेवटचे. मग एका सोमवारी लाँच सुटते, वेग धरते, मागे पाणी पांढरं होतं आणि कुणीच उठत नाही. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, पाऊस दाराशी आला की लाँचही बंद. दोघांचं वेळापत्रक इतकं जुळतं की माझी धाकटी पुतणी बरीच वर्षं समजत होती की कुरवांच्या सुट्टीमुळे लाँच बंद असते.

गुण द्यायचेच तर पाचांपैकी चार. एक कापला पाकिटांसाठी; बाकांसाठी कापणार होते, पण त्या थळच्या खलाशाकडे बघून सोडून दिला. तिकीट खिडकीवर सुट्टे पैसे न्या, आणि डोक्याला रुमाल बांधा.